डब्यातली

कलतूनने चौथी ओळ टाकली आणि हॉलभर बायका खिदळल्या.

दूर देशाहून दारी आली देखणी सून,
दात दुधासारखे, पण दूध प्याली डब्यातून!
दुभती सांडणी दिसताच दडते दाराआड,
दादल्या, कर आता या डब्यातलीचे लाड!

कलतून म्हणजे नवऱ्या मुलाची आई. अख्ख्या हरगेसा गावात लग्नाच्या ओळी रचणारी तिच्या तोडीची बाई नाही, आणि हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक. नवरी फिलसन गादीवर मान खाली घालून बसली होती. मँचेस्टरला जन्मलेली, तिथेच वाढलेली, उंटिणीच्या दुधाऐवजी डब्यातल्या पावडरीवर. तिला ओळी निम्म्याच कळल्या, म्हणून सगळ्यांबरोबर तीही हसली. ते हसू पाहून तिच्या आईच्या, एब्लाच्या, तळपायाची आग मस्तकाला गेली.

कारण एब्लाला पुढचं दिसत होतं. या गावात नावं ठेवायला कुणी लाजत नाही. लंगडा तो जन्मभर लंगडा, दातपडका तो दातपडका. लग्नपत्रिकेत तसंच छापतात आणि माणूस मेला की शोकालाही तेच नाव विचारत येतात. आज उत्तर गेलं नाही तर उद्यापासून फिलसन संपली. उरणार ती डब्यातली, आणि पुढे डब्यातलीची पोरं.

"अहो विहीणबाई, उत्तर द्या की!" कलतून गोड आवाजात म्हणाली.

"द्यायचंय त्यांना, पण इंग्रजीत येतंय!" मागून कुणीतरी फोडणी घातली. पुन्हा हशा.

उत्तर द्यायचं तर त्याच अक्षरावर. कलतूनने 'द' धरला होता, म्हणजे एब्लाची प्रत्येक ओळही 'द'वरच उघडायला हवी. अक्षर सुटलं की हरलात. डफवाली म्हातारी आर्दो कान टवकारून बसते ती त्यासाठीच. आणि एब्ला? वीस वर्षं तिने मँचेस्टरच्या एका शाळेत पोरांना जेवण वाढलं होतं. आपली भाषा उरली होती ती फोनपुरती: बरी आहेस ना, पाऊस झाला का, कोण गेलं. फोनवर कुणी अक्षर धरत नाही. लेकीने आपल्या माणसांत नांदावं हा हट्ट तिचाच होता, आणि आपली माणसं अशी दात काढत होती. तिला कलतूनचा राग आला, हसणाऱ्या लेकीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जड जिभेचा.

ती उठली. ओढणी कमरेला बांधली. आर्दोने डफावर थाप टाकली.

दाही दिशा पेटल्या, दारं सोडून धावलो,
दगड उशाला घेऊन दोघी दाटीत निजलो,

बायका सावरून बसल्या. लढाईत विमानांनी गाव भाजून काढलं त्या वर्षी इथली प्रत्येक पोक्त बाई पोरंबाळं काखेत मारून सरहद्दीपलीकडे निर्वासितांच्या छावणीत पळाली होती. कलतूनचं हसू जरा आवळलं.

तंबूत तुझं लेकरू...

डफ थांबला.

"द सुटला!" आर्दो म्हणाली.

"सुटला, सुटला!" हॉलभर एकच गलका झाला. कलतूनने टाळी वाजवली. "राहू द्या विहीणबाई. परदेशातलं खाऊन जीभ अशीच होते. बसा, हलवा खा."

एब्ला बसली नाही.

"सुटला तर सुटू दे. आता सरळच बोलते." तिचा आवाज इतका चढला की हलव्याचं तबक घेऊन निघालेली बाई होती तिथेच उभी राहिली. "कलतून, छावणीत तू माझ्या पुढे कसल्या रांगेत उभी असायचीस ग?"

"कसली रांग?"

"दुधाच्या पावडरीची! निळ्या झाकणाचा डबा. गढूळ पाण्यात कालवायचीस आणि चिंधीच्या बोळ्याने पाजायचीस. कुणाला? सांग की, कुणाला? गुलेदलाच ना? या आजच्या नवरदेवाला! दात येईपर्यंत त्याच्या पोटात दुसरं काही गेलं नाही. सांडणी राहिली बाजूला, तिथे शेळीसुद्धा नव्हती. मग माझी लेक तेवढी डब्यातली कशी?"

फिलसनने मान वर केली. एवढं मात्र तिला सगळं कळलं होतं.

"लग्नघर आहे बायांनो," आर्दो पुटपुटली. "जुनं कशाला उकरता?"

"हिने उकरलं!" एब्ला म्हणाली.

उभ्या जागी वीस ओळी जुळवणारी कलतून बोलली ते इतक्या हळू की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

"माझं दूध आटलं होतं ग. तुझ्या डोळ्यांदेखत आटलं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," एब्ला म्हणाली. तिचा आवाज खाली आला नव्हता. "आणि मँचेस्टरला माझं दूध काय वाहत होतं?"