नारळाचं पाणी

माल तपासायला आलेले गॅस कंपनीचे साहेब दाबाच्या गेजकडे बघत होते. काटा जागचा हलत नव्हता, म्हणजे गळती नाही. हलेल कसा? गेजखालचा कॉक माझ्या थोरल्या भावानं गुपचूप बंद केला होता. टेबलावरच्या पाइपात आमच्या वर्कशॉपचा प्लग पाण्याच्या दाबाखाली होता. गॅसच्या विहिरीत दुरुस्ती चालते तेव्हा खालचा गॅस हाच अडवतो. वर माणसं असतात. अन् भाऊनं त्याला जुनीच झिजलेली रबरी कडी घालून, ती नवी दिसावी म्हणून बुटाचं पॉलिश चोपडलं होतं. टेबलाखाली काळपट धार लागली. “हे काय?” साहेबांनी विचारलं. “नारळाचं पाणी, साहेब,” भाऊ म्हणाला. “जळगावातून माल निघताना आम्ही नारळ फोडतोच. सांग ना वं, ममता!” साहेबांनी टेबलावरच्या फोडलेल्या नारळाला चक्क हात जोडले. मला शिसारी आली. नारळाची वाटी उचलून मी धारेखाली धरली, भरल्यावर भाऊपुढे केली. “ले मंग, भाऊ, तीर्थ शे. पहिले तू, मंग साहेब.”