मऊ की कडक

नर्सबाईंच्या फोर-बाय-फोर गाडीच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा मिस्त्रीने टेबलावर ठेवला. "ताई, मागचे पाटे नवेच लागतील. मऊ टाकू की कडक? मागे कायम वजन किती असतं?" बाईंआधी नवराच बोलला, "काही नसतं. डोंगरात पाटा तुटला, तिथंच हिच्या वस्त्यांवरच्या फेऱ्या संपल्या. आता भाजीपुरती गाडी. मऊच टाका, शॉकॲब्सॉर्बरही साधेच." बाई बोटांवर मोजू लागल्या. "पाण्याचे दोन कॅन, ऑक्सिजन सिलिंडर, स्ट्रेचर, त्यावर अडलेली बाळंतीण, तिची आई आणि सासू. सासू कितीही सांगितलं तरी उतरत नाही." मिस्त्री हसला. "मग कडकच, शॉकॲब्सॉर्बरही दणकट. पण सांगून ठेवतो, भरलेली गाडी पाळण्यासारखी चालेल, रिकामी जाताना कंबर मोडेल." "ऐकलंस?" नवरा म्हणाला. बाईंनी तुटलेला पाटा उचलून त्याच्या हातात ठेवला. "जाताना गाडीत मी एकटीच असते. कडक टाका."