क्रोटनची कुंडी

संगणक विचारत होता, 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता करायची का?' अभिरामचे बोट 'होय'पाशी येऊन थबकले.

"काय इचारतंय त्ये?" शेजारच्या स्टुलावर बसलेल्या, हुपरीत चांदीचे दागिने घडवणाऱ्या चनबसाप्पांनी विचारले.

"डिस्क कोरी आहे म्हणतंय, अण्णा. नव्याने आखू का, विचारतंय."

"मग व्हय म्हण की! वाट कशाची बघायलायस?"

अभिरामने 'नाही' दाबले. डिस्क कोरी नव्हती. तिच्यावर आकारामदादांच्या तिरक्या अक्षरात लिहिले होते, 'हुपरी, ९६'. महाद्वार रोडवरच्या या डीटीपीच्या दुकानात दादांनी सारी हयात मॅकिन्टॉश संगणकावर काढली. विंडोजला त्याची लिपी येत नव्हती, आणि आपल्याला जे वाचता येत नाही ते कोरेच, असा तिचा सरळ समज होता. दादा गेल्या वर्षी गेले. पाठोपाठ त्यांचा मॅकिन्टॉशही बंद पडला. ज्यांच्याकडून सारे शिकलो त्यांचे आभार मानायचे मात्र अभिरामकडून राहून गेले होते.

"उद्याच्या एसटीनं पोरगी येत्या," चनबसाप्पा म्हणाले. "नऊ वर्सांनी. संगं नात हाय. सोप्यात पाऊल टाकलं की म्होरं त्योच फोटू."

त्या मुलीने, पवित्राने, जातीबाहेर लग्न केले, तेव्हा ते कुटुंबाचा फोटो घेऊन याच दुकानात आले होते. 'हिला काढ,' म्हणाले होते. दादांनी फोटोत तिच्या जागी क्रोटनची कुंडी उभी केली. मूळचा फोटो आणि निगेटिव्ह चनबसाप्पांनी चांदी आटवायच्या भट्टीत टाकले. निगेटिव्हमध्येही थोडी चांदी असते म्हणतात. ती काही त्यांच्या हाती लागली नाही.

"उतरवून ठेवलात तर?" अभिरामने हळूच विचारले.

"भट्टीच्या धुरानं भिंत काळी झाल्या. फोटू काढला की पांढरा चौकोन उरतोय. त्यो काय सांगंल तिला? आमची शांतादेवी रोज फोटू पुसत्या. आधी कुंडी पुसत्या, मग माणसं."

अभिरामने खणातून एक सीडी काढली. संगणकाच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीची. मॅकिन्टॉशच्या नव्या पिढीशी लिनक्सचे लांबचे नाते होते, आणि जुन्या पिढीची लिपीही तिने शिकून घेतली होती. संगणक तिच्यावर सुरू झाला. डिस्क आत कुरकुरली आणि उघडली. आत दोन फाइली होत्या.

पहिली छपाईसाठीची, टिफ. चित्र वरून खाली हळूहळू उमटत गेले. चनबसाप्पा, शांतादेवी, दोन मुलगे. आणि कुंडी.

"ह्येच हाय की घरात." चनबसाप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते उठले. "ऱ्हाऊ दे पोरा. मीच पुसून घेतलंय, मागायचं कुणाकडं?"

अभिरामची नजर दुसऱ्या फाइलवर होती. "अण्णा, नाव तेच, चित्रही तेच असणार. पण हिचं वजन दुप्पट आहे."

चनबसाप्पा दारातून परतले. पैंजणांचे वजन करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दुप्पट वजनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

फाइल उघडली. पुन्हा तीच कुंडी. पण चित्राशेजारी एक यादी होती, एकावर एक रचलेल्या थरांची. थर दोन होते, आणि प्रत्येकापुढे तो थर दाखवणारा-झाकणारा एक बारीकसा डोळा. अभिरामने वरचा डोळा मिटला.

कुंडी नाहीशी झाली. तिथे दोन वेण्या घातलेली पवित्रा उभी होती, हसू दाबत. तिचा हात वडिलांच्या खांद्यावर होता.

चनबसाप्पांचा हात आपसूक आपल्या डाव्या खांद्याकडे गेला, आणि तिथेच राहिला.

मग ते म्हणाले, "ठेव म्हणून कुणी सांगिटलतं त्याला? मी तर मुळातनं खोडून टाक म्हणालतो. दुकानात उभा ऱ्हाऊन शिव्या बी दिलत्या की मी."

दादा आपल्या कामातल्या प्रत्येक थराला नाव देत. अभिरामने पडदा चनबसाप्पांकडे वळवला, मग त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत हे आठवून पवित्राच्या, खालच्या थराचे नाव स्वतःच वाचून दाखवले:

"अण्णा येतील तेव्हा."