चिमूटभर वाटा

"कुणाला पटायचं नाही, पण माझा छातीचा आजार मी एकट्यानं उडवला," सरकारी दवाखान्याच्या रांगेत धोंडीबा सांगत होता. "असा खोकलो, की समोरच्या माडाचे नारळ पडले. गावाला माझा आजार वाटून घ्यावाच लागला नाही. मग मी दुसऱ्याचा का टोचून घेऊ?"

आत शेजारची रेवती धापा टाकत होती. गावातल्या प्रत्येकानं तिच्या दुखण्याचा चिमूटभर वाटा सुईनं टोचून घेतला तरच ती जगणार होती. धोंडीबाला ते ठाऊक होतं. पण पुन्हा तसं गुदमरायची त्याला भीती वाटत होती.

रांगेत मागे उभी असलेली द्वारकाकाकू खोकली, कोरडं, शेवटी शिट्टी वाजवत. धोंडीबाला वळून बघायचा धीर होईना.

"खोटं बोलतोस, मेल्या," ती म्हणाली. "मग दिवाळीपासून मी हा कुणाचा खोकला खोकतेय?"