बेर्बलचा चेहरा

"माणसं तुमची, संत आमचे," असं म्हणून नगरसभेचा कारभारी हुट्झेल यानं लाकडी फळीवरच्या चित्राच्या मधोमध खडूची आडवी रेघ मारली.

रेघेच्या वर मरियामाता, तिचं बाळ आणि चार देवदूत होते. खाली रेम कुटुंब हात जोडून गुडघ्यांवर बसलेलं: नवरा, बायको, दोन मुलगे आणि अगदी टोकाला एक लहान मुलगी. तिच्या डोक्यावर छोटा लाल क्रूस होता. चित्र काढायच्या आधीच जे वारले, त्यांच्या डोक्यावर तो काढायची रीत होती.

नगरसभेनं पोपशी काडीमोड घेतला होता आणि चर्चमधली चित्रं उतरवायला आठ दिवस दिले होते. ज्यानं जे चित्र दिलं होतं त्यानं ते परत न्यावं, पण त्यातली माणसं तेवढी न्यावीत. संतांसाठी इथेच, चर्चपुढच्या चौकात, जाळ पेटला होता. आजचा शेवटचा दिवस.

सुतारानं करवत लावली. वाल्बुर्ग रेम खाली वाकून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. नवरा गेला होता, मुलगे परमुलखात होते. पण तिचं लक्ष त्या टोकाच्या मुलीवर होतं. "माझ्या बेर्बलचं एवढंच राहिलंय हो," हे ती सकाळपासून भेटेल त्याला सांगत होती.

लेनहार्ट चितारी चुन्याची बादली घेऊन बाजूला थांबला होता. बारा वर्षांपूर्वी हे चित्र त्यानंच काढलं होतं. ज्या भिंती त्यानं उमेदीत रंगवल्या, त्या आता पांढऱ्या करायचं काम नगरसभेनं मोठ्या मनानं त्यालाच दिलं होतं. काम नाकारायची ऐपत त्याच्यात नव्हती.

खालची फळी सुटली. वाल्बुर्गनं ती छातीशी धरली आणि लेनहार्टचा जीव भांड्यात पडला.

"थांबा बाई," हुट्झेल म्हणाला. त्यानं एकदा फळीकडे पाहिलं, एकदा वरच्या तुकड्याकडे. "या पोरीचा आणि या देवदूताचा चेहरा एकच कसा?"

"एक कुठला, साहेब? चारही तेच," सुतार खिदळला. "मास्तरांना दुसरा जमतच नसेल!"

"मास्तर, इकडे या. ही यांची मुलगी आहे की देवदूत? देवदूत असेल तर जाळात. शपथेवर बोला."

लेनहार्टनं बेर्बलला कधी पाहिलंच नव्हतं. चित्राचं काम आलं तेव्हा तिला पुरून तीन आठवडे झाले होते. त्यानं तेव्हा पेटीतून नेहमीचा खाका काढला होता, सुईनं टोचलेला कागद. तो फळीवर ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्यांचा चेहरा तयार. गावातल्या निम्म्या देवदूतांना त्यानं तोच चेहरा दिला होता. पुरं झालेलं चित्र पाहून वाल्बुर्ग रडली होती, "अगदी तीच हो!" म्हणाली होती. तेव्हा त्याला मनातून हसू आलं होतं. आता त्या हसण्याची त्याला लाज वाटली.

खोट्या शपथेला या गावात उजव्या हाताची दोन बोटं तोडत. तोडेनात का. भिंतीला चुना फासायला ती लागतात कुठे? शपथेसाठी त्यानं तीच दोन बोटं वर केली.

"मुलगीच आहे. देवदूत मी तिच्यावरून काढले."

"म्हणजे गावातल्या पोरीला पंख लावलेत आणि आम्हाला तिच्यापुढे गुडघे टेकायला लावलेत!" हुट्झेल खूश झाला. "आमचे उपदेशक वेगळं काय सांगत होते? न्या बाई तुमची फळी."

वरचा तुकडा सुतारानं आणि हुट्झेलनं उचलून जाळात टाकला. वाल्बुर्ग जागची हलली नाही.

"मास्तर, सगळे देवदूत तिच्यावरून काढलेत?"

हुट्झेल तीन पावलांवर उभा होता.

"हो," लेनहार्ट म्हणाला.

"बारा वर्षं मी या एकाच चित्रापुढे येऊन बसले. माझी बेर्बल गावभर होती, आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

तेवढ्यात जाळात एका देवदूताच्या गालावरचा रंग फुगला आणि फुटला. वाल्बुर्ग किंचाळून धावली. सुतारानं तिला दंडाला धरून मागे ओढलं, बरंच हळू, आणि या वेळी तो हसला नाही.

बाई, ती तुमची नाही हो, तो नुसता कागद आहे, असं लेनहार्टच्या अगदी ओठावर आलं. एवढं बोलला असता तर तिच्या मनातला जाळ विझला असता. आणि तिच्या हातातली फळी त्याच जाळात गेली असती. एकच चेहरा गावभर छापला, याचं एवढं वाईट त्याला आयुष्यात कधीच वाटलं नव्हतं.

वाल्बुर्ग जमिनीवर बसली. तिनं फळी उलटी करून मुलीचा चेहरा आपल्या पोटाशी दाबला.

"तिकडे बघू नकोस गं," ती म्हणाली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "मास्तर, अजून किती आहेत?"

कोपऱ्यावरून धर्मशाळेच्या प्रार्थनाघरातली चित्रं जाळायला आणणारी गाडी वळली. ओझ्याच्या सगळ्यात वर, आभाळाकडे तोंड करून, त्याच चेहऱ्याचे दोन देवदूत पडले होते.

"संपले," लेनहार्ट म्हणाला. "आता एकही नाही."

आणि तो वाल्बुर्गच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभा राहिला. पण गाडी त्याच्यापेक्षा बरीच रुंद होती.