खोकला कुणाचा

विम्याच्या यंत्राला घरातला खोकला ऐकू येई, पण कुणाचा ते कळत नसे. भिंतीवरून त्यानं विचारलं, "कोण खोकलं?"

कुमुदबाई बोलणार, तोच त्यांचे यजमान भालचंद्रराव म्हणाले, "मी."

"सत्तरीनंतर खोकला, म्हणून फुफ्फुसांचा विमा बंद."

अंगणात येऊन ते बायकोला म्हणाले, "तुझा चालू आहे. उद्याच दवाखान्यात जा."

कुमुदबाई बऱ्या झाल्या. थंडीत मात्र भालचंद्ररावांनाच न्यूमोनिया झाला, आणि विमा नाही म्हणून रुग्णालयानं परत पाठवलं. त्यांची धाप बघवेना, तेव्हा कुमुदबाईंनी यंत्रासमोर हात जोडले. "तेव्हा मी खोकले होते. ह्यांचा विमा परत द्या."

"नोंद घेतली," यंत्र म्हणालं. "आता दोघांचाही बंद."

भालचंद्ररावांनी डोळे मिटले. कुमुदबाई त्यांची पाठ चोळत राहिल्या.