सुटं तेल

धाकटी जाऊ बर्गरच्या दुकानात तळणीवर कामाला होती. ती घरी आली की थोरली रोज तिच्यावर तोंडसुख घ्यायची, "आल्या बाईसाहेब, लोकांना विष चारून! माझ्या स्वयंपाकघरात असली घाण चालत नाही."

दुकानातलं तळून काळं पडलेलं तेल न्यायला एक माणूस यायचा. एकदा धाकटीने त्याला सहज विचारलं, "याचं पुढे काय करता हो?"

"गाळून घरोघरी सुटं विकतो, ताई. स्वस्त म्हणून बायका हातोहात घेतात."

रविवारी तोच माणूस डबा घेऊन त्यांच्या दारात उभा होता आणि थोरली भावात घासाघीस करत होती. धाकटी त्यांच्या बाजूने आत गेली आणि तिने आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं.



हल्ली ती दुकानातच जेवून येते, आणि थोरलीच्या हाताच्या चवीचं तोंड भरून कौतुक करते.